सावधगिरीचाच गुन्हा

बातमी ठरलेली असते. उपनगरातल्या एखाद्या लॉजवर किंवा भाड्याच्या फ्लॅटवर छापा पडतो आणि ‘हायप्रोफाइल सेक्स रॅकेट’चा पर्दाफाश होतो. बोगस गिऱ्हाईक, खुणेच्या नोटा, दोन पंच, ठरलेला इशारा. दलाल अटकेत, तरुणींची ‘सुटका’ आणि रवानगी सुधारगृहात. शेवटच्या ओळीत जप्त मुद्देमाल: मोबाईल, रोकड, निरोधची पाकिटे. वाचक तिथवर पोचत नाही. पोचला तर त्याच्या ध्यानात येईल की, मोबाईल म्हणजे अडचणीत कुणाला तरी हाक मारण्याचे साधन, रोकड म्हणजे त्या बाईची त्या दिवसाची कमाई आणि निरोध म्हणजे तिच्या जिवाची काळजी. तिने स्वतःला सांभाळण्यासाठी जे जे जवळ बाळगले, ते ते पंचनाम्यात पुरावा म्हणून लागले.

हा व्यवसाय आता कामाठीपुरा, बुधवार पेठ किंवा नागपूरची गंगाजमुना एवढ्यापुरता उरलेला नाही. बराचसा फोनवर आला आहे. त्याला ‘एस्कॉर्ट’ असे गुळगुळीत नाव मिळाले आहे आणि त्यात बायका आहेत, पुरुष आहेत, तृतीयपंथी आहेत. कुणी कर्जापायी येते, कुणी नोकरी गेल्यावर, कुणी समजून-उमजून. त्यांनी यावे की येऊ नये, हा आजचा विषय नाही. अल्पवयीन मुलांना यात ओढणारे आणि फसवून किंवा डांबून धंद्याला लावणारे यांना दया दाखवू नये, याबाबत कुणाचेच दुमत नसावे. प्रश्न आहे तो सज्ञान आणि स्वतःहून या कामात पाऊल टाकणाऱ्या माणसाचा. अशा नवख्या माणसाला जी सावधगिरी कुणीही शहाणा सांगेल, तीच आपल्या कायद्याने संशयास्पद किंवा सरळ बेकायदा ठरवून ठेवली आहे.

पहिली सावधगिरी कोणती? एकटे राहू नये. आता अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा, पोलिसांच्या भाषेत ‘पिटा’, काय म्हणतो ते पाहा. 1956 चा हा कायदा शरीरविक्रय हाच गुन्हा आहे असे म्हणत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2020 मध्ये मालाडच्या छाप्यातल्या तीन सज्ञान तरुणींना सुधारगृहातून सोडताना हे स्पष्ट सांगितले होते. पण त्याच कायद्यातली कुंटणखान्याची व्याख्या दोघींच्या परस्पर फायद्यासाठी वापरलेल्या जागेलाही लागू होते. म्हणजे एक बाई एकटीने काम करते तेव्हा ती गुन्हेगार नाही. भीती वाटते म्हणून तिने मैत्रिणीला सोबत घेतले, भाडे निम्मे-निम्मे वाटले, एकीने काम करताना दुसरी शेजारच्या खोलीत बसली, की तो कुंटणखाना! विलायतेतही अशीच तरतूद आहे आणि योगायोग असा की तिथला कायदाही 1956 चाच.

दुसरी सावधगिरी: आपण कुठे जातो, किती वाजता परत येऊ, हे विश्वासातल्या कुणाला तरी ठाऊक असावे. पोचवायला-आणायला ओळखीचा रिक्षावाला असावा. इथे कलम 4 आडवे येते. तिच्या कमाईवर जगणारा अठरा वर्षांवरचा कोणीही गुन्हेगार. शिवाय तिच्यासोबत राहणारा किंवा तिच्या सततच्या सहवासात असणारा माणूस तिच्या कमाईवरच जगतो, असे न्यायालयाने गृहीत धरायचे. तसे नाही हे त्याने सिद्ध करायचे. दलालाला पकडायला विणलेल्या या जाळ्यात कॉलेजात जाणारा मुलगा सापडू शकतो, म्हातारी आई सापडू शकते आणि रात्री दोन वाजता लॉजबाहेर थांबणारा तो रिक्षावालाही. कलम 8 तर वाचण्यासारखे आहे. गिऱ्हाईक बोलावण्यासाठी खिडकीत किंवा गॅलरीत बसणाऱ्यांचा त्यात नाव घेऊन उल्लेख आहे. धंदा खिशातल्या पडद्यावर आला, कायदा अजून गॅलरीकडे मान वर करून पाहतो आहे.

ही पोकळी भरायला ठग आले नाहीत तरच नवल. ‘घरबसल्या दिवसाला हजारो कमवा, एस्कॉर्ट हवेत’ अशी जाहिरात समाजमाध्यमांवर दिसते. फोन केला की गोड आवाजातली मॅडम आधी नोंदणी शुल्क मागते. मग ओळखपत्राचे पैसे. मग वैद्यकीय तपासणीचे, मग पहिल्या गिऱ्हाइकाच्या हॉटेलची अनामत, ‘परत मिळणारी’. दरम्यान आधार कार्डाची प्रत आणि फोटो तिकडे पोचलेले असतात. उमेदवाराला शंका आली, की धमकी येते: पैसे भर, नाहीतर हे घरच्यांना पाठवतो. या सापळ्यात तरुण मुलगे पटकन अडकतात आणि तक्रार करत नाहीत, कारण तक्रार करायची तर काय करायला निघालो होतो ते सांगावे लागते. काम देणारा कामाआधी पैसे मागत असेल तर तिथे काम नाही. आखाती देशांत नोकरी लावून देणाऱ्या एजंटांकडून कोकणातली कितीतरी घरे हा धडा शिकली. पण नोकरीच्या एजंटाविरुद्ध ठाण्यात जाता येते. इथे तेही दार अडवलेले.

खासगीपणाचे तर विचारूच नका. एक साधा व्यवहार घ्या. गिऱ्हाइकाने आगाऊ पाचशे रुपये यूपीआयवरून पाठवले. पाठवताना त्याच्या पडद्यावर बँकेतले पूर्ण नाव आले, आडनावासकट. यूपीआय आयडी म्हणजे मोबाईल क्रमांकच असेल तर तोही गेला. तो क्रमांक ट्रूकॉलरवर टाकला की दुसऱ्या कुणी जतन केलेले नाव दिसते, कदाचित गावाच्या किंवा ऑफिसच्या नावासकट. व्हॉट्सअॅपच्या डीपीवर भाचीच्या वाढदिवसाचा फोटो आहे, मागे सोसायटीची पाटी आहे. पाचशे रुपयांत गिऱ्हाइकाला नाव, गाव, नातेवाईक आणि पत्ता मिळाला. तिला मात्र त्याच्याबद्दल एवढेच माहीत की तो स्वतःला ‘राहुल’ म्हणवतो. कामासाठी वेगळे सिम, क्रमांक नसलेला आयडी, पार्श्वभूमी न दाखवणारे फोटो, लॉजवर शेवटचे चारच आकडे दाखवणारे ‘मास्क्ड’ आधार, पहिली भेट घरी नाही, नकार द्यावासा वाटला तर पैशाचा विचार न करता नकार, या गोष्टी अवघड नाहीत. पण त्या सांगणार कोण?

वस्तीत त्या सांगायला कुणीतरी असे. वस्तीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. घरवाली कमाईतला मोठा वाटा खाते, कर्जात अडकवून ठेवते. पण कोणता माणूस दारू पिऊन हात उचलतो, कोणाला दारातूनच परत पाठवायचे, हे ज्ञान त्या गल्लीत एकीकडून दुसरीकडे जाते. सांगलीत ‘संग्राम’ संस्थेच्या कामातून 1996 मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली, तेव्हा या ज्ञानाला संघटनेचे बळ मिळाले. निरोध वाटणे असो, ठाण्यात जाऊन जाब विचारणे असो की दवाखान्यात सोबत जाणे, ही कामे या बायकांनी स्वतः अंगावर घेतली. फ्लॅटमधल्या एकटीला यातले काहीच नाही. एड्स नियंत्रणाचे कार्यकर्ते वस्तीत पोचतात. तिसऱ्या मजल्यावरच्या बंद दारामागे कोण आहे हे त्यांना कळणार कसे? संसर्गाचा धोका घडल्यास 72 तासांच्या आत सुरू केलेल्या औषधांनी एचआयव्ही टाळता येऊ शकतो, ही एवढी माहिती वेळेवर न मिळाल्याने आयुष्याची किंमत मोजावी लागू शकते.

केंद्र सरकारने जून 2016 मध्ये अशा सेवांची 240 संकेतस्थळे एका फटक्यात बंद करायला सांगितली. धंदा बंद झाला का? तो टेलिग्रामवर आणि दलालांच्या व्हॉट्सअॅप गटांत गेला. आपली जाहिरात आपण करता येत नाही म्हटल्यावर मधला माणूस हवा आणि मधला माणूस आला की कमाईचा वाटा आणि नकाराचा हक्क दोन्ही गेले. दलाली मोडायची म्हणून केलेल्या उपायाने दलालाचीच सोय झाली.

मारहाण झाली, बलात्कार झाला, चोरून केलेल्या चित्रीकरणावरून खंडणी मागितली गेली, तर कायद्यात कलमे भरपूर आहेत. चोरून चित्रीकरण हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा, खंडणी हा गुन्हा, पोलिसाचा तोतया होऊन ‘रेड’च्या नावाखाली लुटणे हा तर गुन्हाच. सायबर फसवणुकीसाठी 1930 हा क्रमांक आहे. बलात्कारपीडितेवर मोफत उपचार करणे खासगी रुग्णालयालाही बंधनकारक आहे. अडते ते ठाण्याच्या उंबऱ्यावर. ‘तू तिथे गेलीस कशाला?’ हा पहिला प्रश्न आणि बहुधा तोच शेवटचा. याच राज्यातल्या एका पोलीस निरीक्षकाचे प्रकरण या निमित्ताने आठवावे. एका बाईच्या झोपडीत घुसू पाहिल्याबद्दल त्याला बडतर्फ केले होते. उच्च न्यायालयात बाईचे चारित्र्य निघाले आणि बडतर्फी रद्द झाली. महाराष्ट्र शासन अपिलात गेले आणि 1990 साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले की चारित्र्य कसेही असो, खासगीपणाचा हक्क तिलाही आहे आणि तिच्या मर्जीविरुद्ध कुणी तिच्या दारात शिरू शकत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा गाजलेला निकाल त्यानंतर सत्तावीस वर्षांनी आला. शासनाने तेव्हा त्या बाईची बाजू घेतली होती, हे आजच्या गृहखात्याला कुणीतरी सांगायला हवे.

पैशाचे गणितही याच उंबऱ्यावर अडते. कमाई रोख, घरात लपवलेली, म्हणून दलालाला, पोलिसाला आणि सावकाराला सोपी. बँकेत खाते काढायचे तर पत्त्याचा पुरावा हवा आणि लॉज हा पत्ता नव्हे. कोलकात्यात 1995 मध्ये सोनागाछीच्या बायकांनी ‘उषा’ ही स्वतःची सहकारी पतसंस्था काढली. सहकार कायद्यातली चारित्र्याची अट आड आली, तेव्हा गृहिणी म्हणून नोंदणी करा असे सुचवले गेले. त्यांनी ते नाकारले आणि शेवटी नियम हलला. सहकाराची पंढरी म्हणवणाऱ्या महाराष्ट्राने याची असूया बाळगायला हरकत नाही. करोनाकाळात राज्य सरकारने या महिलांना तीन महिने दरमहा 5,000 रुपये आणि शाळकरी मुले असलेल्यांना आणखी 2,500 रुपये देण्याचा निर्णय घेतला, तो चांगलाच होता. मात्र मदत मिळवायची तर सरकारी यादीत ‘ती’ म्हणून नाव हवे. गुपचूप काम करणारी बाई अशा यादीत नाव घालण्यापेक्षा उपाशी राहणे पत्करेल.

जगात याहून शहाणे काही झालेच नाही, असे नाही. न्यूझीलंडच्या संसदेने 2003 मध्ये एका मताच्या फरकाने हा व्यवसाय फौजदारी कायद्याबाहेर काढला. तिथे चार जणी एकत्र काम करू शकतात. प्रत्येकीची कमाई तिच्याच ताब्यात असेल तर परवानाही लागत नाही. 2014 मध्ये तिथल्या एका न्यायाधिकरणाने कुंटणखान्याच्या चालकाने केलेल्या लैंगिक छळाबद्दल तिथे काम करणाऱ्या स्त्रीला 25,000 डॉलरची भरपाई दिली. आपल्याकडे असा दावा कोणत्या टेबलावर दाखल करायचा, हेच सांगता येणार नाही. न्यूझीलंडचे सगळे छान आहे असेही नाही; तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना तिथे हे काम करता येत नाही आणि साहजिकच ते तक्रारीला पुढे येत नाहीत. दुसरीकडे स्वीडनने 1999 पासून विकणाऱ्याला सोडून विकत घेणाऱ्याला शिक्षा ठेवली. आपल्याकडच्या स्त्री चळवळीतही मतभेद आहेत. हा व्यवसाय म्हणजे मुळातच शोषण, असे मानणाऱ्यांचा युक्तिवाद हलका नाही. गरिबी आणि जात यांनी आखलेल्या वाटेला ‘निवड’ म्हणणे त्यांना खटकते आणि ते खटकायलाच हवे. तरीही शोषण होते म्हणून शोषिताच्या पर्समधला निरोध पुरावा का ठरावा, याचे उत्तर त्या युक्तिवादात नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 19 मे 2022 च्या आदेशात नेमके याच मुद्द्यावर बोट ठेवले आहे. लैंगिक सेवा देणाऱ्या व्यक्ती आरोग्य आणि सुरक्षिततेसाठी जे उपाय करतात, त्यांना गुन्हा किंवा गुन्ह्याचा पुरावा मानू नये. छाप्यात सापडलेल्यांची ओळख माध्यमांनी उघड करू नये, मग ती पीडित असो वा आरोपी. पत्त्याच्या पुराव्याविना आधार मिळावे आणि त्यावरून व्यवसाय ओळखू येईल अशी कोणतीही खूण त्यात नसावी. सज्ञान व्यक्तीला छाप्यात त्रास देऊ नये, ही न्यायालयाने नेमलेल्या समितीची शिफारस मात्र केंद्राच्या आक्षेपामुळे मागे राहिली.

कुंटणखान्याची व्याख्या आणि कलम 4 संसदेनेच बदलायला हवे, त्याला वेळ लागेल. राज्याच्या गृहखात्याला मात्र आजही पुष्कळ करता येते आणि त्यासाठी विधेयक लागत नाही. पिटाच्या पंचनाम्यात निरोध लिहू नये, सोबत राहणाऱ्या मुलाला-आईला केवळ सोबत राहतात म्हणून आरोपी करू नये, छाप्याचे फोटो आणि चित्रफिती ठाण्याबाहेर गेल्या तर संबंधित अधिकाऱ्यावर जबाबदारी टाकावी आणि मारहाणीची किंवा खंडणीची तक्रार घेऊन आलेल्या व्यक्तीवर त्याच तक्रारीच्या आधारे पिटाचा गुन्हा दाखल करू नये. ही चार वाक्ये सर्व आयुक्तालयांना आणि जिल्हा अधीक्षकांना लेखी जायला एक दुपार पुरेल.