खेळायलाही सोबत लागते



या अंकाचं संपादकीय एका कॉम्प्युटर गेमवर का, असं काहीजणी नक्की विचारतील. कारण असं की, आमच्या केंद्रात येणाऱ्या कॉलेजच्या मुली इंटरनेटवरून असे खेळ खेळतात, आणि त्यातल्या कितीतरी जणी मुलाचं नाव घेऊन, माइक बंद ठेवून खेळतात. मुलीचा आवाज ऐकू आला की टोमणे सुरू होतात, म्हणून. म्हणजे रस्ता, एस.टी., कचेरी यांच्या जोडीला ही एक नवी सार्वजनिक जागा तयार झाली, आणि तिथेही बाईनं अंग चोरूनच वावरायचं!

गेलं वर्षभर मी स्वतः ‘ईव्ह ऑनलाइन’ हा खेळ खेळते आहे. नव्यानं शिरणाऱ्या मुलींसाठी आणि त्यांच्या आयांसाठी हे चार शब्द.

आइसलँडमधल्या सीसीपी या कंपनीनं हा खेळ २००३ साली सुरू केला. अंतराळातल्या सात हजारांहून अधिक सूर्यमाला, आणि चीनचा वेगळा सर्व्हर सोडला तर जगभरचे खेळाडू एकाच विश्वात. खाणकाम, व्यापार, वाहतूक, लढाई, जे जमेल ते करावं. नोव्हेंबर २०१६ पासून काही मर्यादांसह तो फुकट खेळता येतो. खऱ्या पैशानं खेळातल्या वस्तूही मिळतात, पण सुरुवातीचे काही महिने पर्स उघडूच नका.

पहिली गोष्ट, सुरक्षिततेचा अर्थ समजून घ्या. प्रत्येक सूर्यमालेला सुरक्षिततेचा आकडा असतो. ०.५ आणि त्यावरच्या भागात ‘कॉन्कॉर्ड’ नावाचे पोलीस असतात. पण ते हल्ला थांबवत नाहीत, हल्ला झाल्यावर येऊन हल्लेखोराचं जहाज नष्ट करतात. तुमचं जहाज तोवर गेलेलं असू शकतं. आपल्यापैकी ज्यांनी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. कायदा हवाच, पण तो नंतर येतो. आधी उपयोगी पडते ती आपली नजर. ‘लोकल’ यादीत आसपास कोण कोण आहे ते पाहण्याची सवय लावा. ०.५ च्या खाली जाताना खेळ एकदा बजावतो, ती सूचना न वाचता पुढे जाऊ नका.

दुसरी गोष्ट, गमावणं परवडणार नाही असं जहाज उडवू नका. या खेळात नष्ट झालेलं जहाज परत मिळत नाही, विम्यातून थोडी भरपाई मिळते इतकंच. म्हणून स्वस्त जहाजं घ्या आणि ती फुटणार हे धरूनच निघा. हातून कपबशी फुटली तरी बोलणी खात वाढलेल्या मुलींना हे जड जातं. त्या बंदरातच बसून राहतात. पण नुकसान आधी हिशेबात धरलं की भीती निम्मी होते, आणि धाडस करायला मोकळीक मिळते.

तिसरी गोष्ट, वेळ. इथली कौशल्यं घड्याळाप्रमाणे वाढतात, तुम्ही कॉम्प्युटर बंद केलात तरीही. रांग लावून ठेवायची आणि उठायचं. पोळ्या लाटताना, अभ्यास करताना शिक्षण चालूच. त्यामुळे दिवसाचा अर्धा तास मिळणारी बाईसुद्धा इथे टिकू शकते. सुरुवातीला ‘करिअर एजंट’ची कामं पूर्ण करा. त्यातून खेळाची ओळख होते आणि लहान जहाजंही मिळतात.

चौथी, फसवणूक. खेळातल्या पैशाची फसवणूक इथे नियमबाह्य नाही. जिता या मोठ्या बाजारात ‘पैसे पाठवा, दुप्पट करून देतो’ अशी आरोळी सतत चालू असते. बचत गटाच्या बायकांना दुप्पट पैशाचं गाजर दाखवणारे आपण पाहिले आहेत, हे त्यांचेच भाऊबंद. व्यवहारापूर्वी किमतीतली शून्यं मोजा.

मात्र खऱ्या आयुष्यातल्या धमक्या आणि छळ हा खेळाचा भाग नाही, नियमांनाही तो मान्य नाही. खरं नाव, फोन नंबर, गाव, फोटो कुणाला देऊ नका. कुणी त्रास दिला तर स्क्रीनशॉट ठेवा, ब्लॉक करा, कंपनीकडे तक्रार करा. गरज पडली तर राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टल आहेच. आणि घरच्यांनी अशा वेळी मुलीचा कॉम्प्युटर काढून घेऊ नये. छेड काढली म्हणून मुलीचं कॉलेज बंद करण्यासारखंच ते आहे.

सगळ्यात महत्त्वाचं, एकटीनं खेळू नका. खेळाडूंच्या गटांना इथे ‘कॉर्पोरेशन’ म्हणतात. नवख्यांना शिकवण्यासाठी खेळाडूंनीच २००४ साली ‘ईव्ह युनिव्हर्सिटी’ उभी केली. गट निवडताना प्रश्न विचारा. नवख्यांना कोण शिकवतं? अर्वाच्य बोलणाऱ्याला कोण अडवतं? जो गट प्रवेशासाठीच पैसे मागतो, तिथून परत फिरा. २००८ पासून खेळाडू आपली परिषदही निवडतात, आणि ती कंपनीपुढे म्हणणं मांडते. एकटीची कुरकुर विरून जाते, दहाजणींचं म्हणणं ऐकावं लागतं, हे आपल्याला नवं नाही.

मुलाचं नाव घेणाऱ्या मुलींना मी नावं ठेवणार नाही, स्वतःला जपण्याचा तोही एक मार्ग आहे. पण खेळण्यासाठी स्वतःला पुसून टाकावं लागणं ही किंमत फार मोठी आहे. दोघी-तिघी मिळून एकाच गटात शिरा. एकीनं माइक सुरू केला की दुसरीला धीर येतो. विरंगुळा हाही आपला हक्क आहे, आणि तो बजावायलाही संघटना लागते.

तुमच्या गटातल्या मुलींचे अनुभव जरूर लिहून पाठवा.