रेघ एक कीं दोन?

सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी किती, असें विचारतांच वरच्या वर्गांतील विद्यार्थी तत्काळ ५८९.३ नॅनोमीटर असें उत्तर देतात. प्रयोगवहींतही तोच आंकडा असतो. कित्येकदां तर यंत्रास हात लागण्यापूर्वींच लिहिलेला. परंतु त्या ठिकाणीं सोडियमची रेघ मुळीं नाहींच. रेघा दोन आहेत, एक ५८९.० वर व दुसरी ५८९.६ वर, मधला आंकडा ही केवळ सरासरी होय.

त्या दोन निराळ्या दिसाव्यात म्हणून विवर्तन-जाली वापरतात. प्रयोगशाळेंत तिला सर्व जण ग्रेटिंगच म्हणतात. काचेवर समान अंतरानें पाडलेल्या बारीक चऱ्यांची ही जाली. हिच्याविषयीं एक गैरसमज फार आढळतो. चरे जितके दाट, तितके रंग दूर फांकतात, हें खरें. परंतु जवळजवळच्या दोन रेघा वेगळ्या ओळखूं येणें हें किती चऱ्यांवर प्रकाश पडतो, त्या एकंदर संख्येवर अवलंबून असतें. सोडियमच्या जोडीस पहिल्या क्रमाच्या वर्णपटांत सुमारें १००० चरे लागतात, दुसऱ्या क्रमांत ५०० पुरतात. मिलिमीटरला ६०० चऱ्यांची उत्तम जाली आणली व तिच्या अर्ध्याच मिलिमीटरवर प्रकाश टाकला, तर पहिल्या क्रमांत एकच जाड रेघ दिसणार. यंत्राची फट रुंद ठेवली तरीही तेंच.

इतक्या बारकाव्यानें काय साधतें, असें कोणी म्हणेल. १८६८ सालीं सूर्याच्या कडेवर एक पिवळी रेघ दिसली. ती सोडियमच्या जोडीची नव्हे, किंचित् बाजूस ५८७.६ वर आहे, हें लॉकियर यांनीं लोलकाच्या यंत्रानें ओळखलें. ती हीलियमची खूण होती. पृथ्वीवर तो वायु रॅम्झे यांस १८९५ सालीं सांपडला. पाठ केलेला आंकडा लिहून ते मोकळे झाले असते तर?

मग विद्यार्थ्यास एकच रेघ दिसली तर त्यानें काय लिहावें? एकच दिसली असें लिहावें, आणि जालीच्या किती भागावर प्रकाश होता तेंही लिहावें. अशा वहीस मी सुबक ५८९.३ पेक्षां अधिक गुण देईन. न पाहिलेलें पाहिलें म्हणून लिहिणें ही खोटी साक्षच होय, मग ती न्यायासनापुढें असो वा प्रयोगवहींत. पालकांस हें मत कठोर वाटेल, कारण त्यांच्या हातीं गुणपत्रिका येते, प्रयोगवही येत नाहीं. ती त्यांनीं एकदां मागून पाहावी.