जीर्णोद्धार कीं नवी गाडी?

येथील एका परिचित कुटुंबांत आजोबांची मोटार पडवींत कुजत आहे. नातवास ती घरींच उभी करावयाची आहे, पण नवें, जोरकस एंजिन घालून. आजोबांस तें मान्य नाहीं. निवाडा आम्हांकडे आला आहे.

मोटार एम. जी. टी. सी. जातीची, म्हणजे १९४५ ते १९४९ या काळांत इंग्लंडांत झालेली. हिचा पत्रा लांकडी सांगाड्यावर मढविलेला असतो, आणि जव्हारच्या पावसांत प्रथम कुजतो तो हाच. वरून रंग शाबूत दिसतो, दार मात्र लोंबूं लागतें. म्हणून आरंभ सुतारकामापासून करावा. कुजका तुकडाही टाकूं नये. नव्याचें माप त्यावरूनच घ्यावयाचें असतें. मूळचें लांकूड ॲश या विलायती वृक्षाचें; त्याऐवजीं पुरता वाळलेला साग चालेल.

एंजिनाविषयीं आम्ही आजोबांच्या पक्षाचे. मूळचें एंजिन १२५० घन सेंटिमीटरचें, ५४ अश्वशक्तीचें. ब्रेक जुन्या ड्रमचे. शक्ति दुप्पट केल्यास घाटांत गाडी आवरावी कशी? शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें ५० वर्षांहून जुन्या गाडीची ‘विंटेज’ म्हणून नोंद होते, ती चासी, बॉडी व एंजिन मूळ स्वरूपांत असतील तरच.

वळणाचे दिवे मात्र नातवानें अवश्य लावावे; चासीला नवें भोंक न पाडतां, पुन्हां काढतां येतील असे. सुटलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून आजोबांच्याच ताब्यांत द्यावा. कोणता स्क्रू कोठला, हें घरांत त्यांनाच ठाऊक आहे.