सातवी सीट कोणाची?

घरात मोठी गाडी घ्यायची चर्चा सुरू झाली की पहिला अर्धा तास सनरूफवर जातो, पुढचा अर्धा तास रंगावर. मग ईएमआय. हल्ली त्यात ‘हायब्रिड’ हा शब्द घुसलाय, म्हणजे आणखी अर्धा तास गेला. सातवी सीट नक्की कोणाची, हे मात्र कुणीच विचारत नाही. मी सांगते. सातवी सीट घरातल्या अशा माणसाची असते, जो ‘मला काय, कुठेही चालेल’ म्हणतो. बहुतेक घरांत ती आजी असते. नाहीतर आत्या.

म्हणून या आठवड्यात तीन रांगांची लक्झरी हायब्रिड एसयूव्ही बघताना मी उलटा क्रम लावला. तिसरी रांग सगळ्यात आधी, स्टिअरिंग सगळ्यात शेवटी. गाडी, व्होल्वो एक्ससी ९०. टेस्ट टीम अशी : मी (उंची पाच फूट चार इंच), नवरा (पाच अकरा), सासूबाई (वय ६८, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं), बारा वर्षांचा भाचा आणि आमची सात वर्षांची कन्या. तिचं मत कुणी विचारलं नव्हतं, तरी तिने दिलं.

हायब्रिडचा फंडा

आधी हा शब्द क्लिअर करू या. माझ्या एका मैत्रिणीला एका शोरूममध्ये (नाव राहू दे, आणि गाडीही वेगळीच) सांगण्यात आलं, ‘मॅडम, हायब्रिड आहे, म्हणजे अर्धी इलेक्ट्रिकच समजा!’ ती होती माइल्ड हायब्रिड. अर्धी कसली, बॉस, पावसुद्धा नाही.

हायब्रिड तीन प्रकारची असते. स्वयंपाकघरात चला, लगेच कळेल.

माइल्ड हायब्रिड म्हणजे स्वयंपाक बायको करते आणि नवरा कोथिंबीर निवडून देतो. मदत खरी आहे, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर कुणी जेवणार नाही. गाडीत ४८ व्होल्टची छोटी बॅटरी आणि एक स्टार्टर-जनरेटर असतो. ब्रेक लावताना वाया जाणारी थोडी ऊर्जा तो साठवतो, गाडी निघताना इंजिनला हात देतो आणि सिग्नलला बंद पडलेलं इंजिन झटका न देता चालू करतो. गाडी नुसत्या विजेवर मात्र धावत नाही.

स्ट्राँग हायब्रिड म्हणजे दोघंही करते. साधा वरणभात असेल तर नवरा एकटाच उरकतो. कमी वेगात गाडी नुसत्या मोटरवर सरकते, जोर लागला की इंजिन येतं. बॅटरी इंजिनवर आणि ब्रेकवर चार्ज होते, प्लग लावायची भानगड नाही. रोजच्या थांबा-निघा ट्रॅफिकमध्ये खरी बचत इथे होते.

प्लग-इन हायब्रिडमध्ये बॅटरी बरीच मोठी. रात्री चार्जिंगला लावायची, सकाळी ऑफिसला जाऊन-येऊन पेट्रोलचा थेंब जळत नाही. अट एकच, सोसायटीने पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट द्यायला हवा. त्यासाठी किती जनरल बॉडी मीटिंगा लागतात, हे तुम्हाला माहीत आहेच.

आता एक्ससी ९०. मार्च २०२५ मध्ये तिचा नवा अवतार आपल्याकडे आला. १९६९ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, २५० हॉर्सपॉवरच्या आसपास ताकद, ३६० न्यूटन मीटर टॉर्क, आठ गिअरचा ऑटोमॅटिक आणि चारही चाकांना ड्राइव्ह. आणि हायब्रिड? माइल्ड. कोथिंबीरवाला. परदेशात हीच गाडी प्लग-इनमध्येही विकली जाते, काही वर्षांपूर्वी ‘टी ८’ या नावाने ती आपल्याकडेही मिळायची. तेव्हा नेटवर एक्ससी ९० चे परदेशी रिव्ह्यू बघून ‘इलेक्ट्रिकवर इतके किलोमीटर’ वगैरे वाचलं असेल, तर ती दुसरी गाडी आहे.

मागून पुढे

तिसऱ्या रांगेत जायचं तर दुसऱ्या रांगेतली सीट पुढे ढकलायची आणि त्या फटीतून वाकून आत शिरायचं. मी शिरले. भाचा तर उडीच मारून गेला. नवऱ्याने आत जाऊन गुडघे हनुवटीपाशी घेतले आणि ‘पुण्यापर्यंत नाही हं’ असं जाहीर केलं. यात त्याचा दोष नाही. तिसरी रांग १७० सेंटिमीटर उंचीपर्यंतच्या माणसांसाठी आहे, असं व्होल्वो स्वतःच सांगते. हा प्रामाणिकपणा मला आवडला. बाकी बऱ्याच गाड्यांच्या जाहिरातीत तिसऱ्या रांगेत नेहमी हसणारी लहान मुलंच का बसलेली असतात, हे आता लक्षात आलं ना?

सासूबाईंनी फटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, ‘आत जाईन गं मी, पण मला बाहेर कोण काढणार?’

विषय संपला. त्या दुसऱ्या रांगेत बसल्या आणि तिथे मात्र खूश झाल्या. तिथे तीन वेगवेगळ्या सीट्स आहेत आणि त्या पुढे-मागे सरकतात. एअर सस्पेन्शन असल्याने गाडी बंद केली की ती थोडी खाली बसते, म्हणजे उतरताना पाय लोंबकळत नाहीत. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला या दोन-तीन सेंटिमीटरची किंमत विचारा! आणि हेच सस्पेन्शन वर उचललं की ग्राउंड क्लिअरन्स २६७ मिलिमीटरपर्यंत जातो, म्हणजे आपल्या सोसायट्यांमधले डोंगराएवढे स्पीडब्रेकर पोट न घासता पार.

मधल्या सीटमधून वर उचलून येणारी बूस्टर कुशन ही व्होल्वोची जुनी खासियत. मूल थोडं उंचावर बसतं, म्हणजे पट्टा गळ्यावर न येता खांद्यावर येतो. कन्येचं मत : ‘मला सगळं दिसतंय, आता हीच घ्या.’ तिला किंमत सांगितली नाही.

आता गणित बघा. आजी-आजोबा दुसऱ्या रांगेतच बसणार. बूस्टर लागणारं मूलही तिथेच. मग तिसऱ्या रांगेत उरतं कोण? ज्याला बूस्टर लागत नाही, म्हणजे साधारण १४० सेंटिमीटरच्या वर, आणि जो १७० च्या आत आहे. मुलांच्या बाबतीत हा काळ म्हणजे दहाव्या-अकराव्या वर्षापासून पुढची चार-पाच वर्षं. मुलगा दहावीला गेला की तिसरी रांग त्याला छोटी. थोडक्यात, तिसऱ्या रांगेचं आयुष्य तुमच्या कार लोनइतकंच. नंतर तिथे बसणार साडेपाच फुटांच्या आतल्या बायका. म्हणजे कोटभर रुपये भरून मागे कोण? मीच!

सामान कुठे?

सातही सीट्स उघड्या ठेवल्या की डिकीत दोन-तीन केबिन बॅगा आणि फार तर आंब्याची एक पेटी. गणपतीला कोकणात निघालात आणि माणसं सात, तर आठवडाभराचं सामान टपावर कॅरिअर लावूनच न्यावं लागणार. हे फक्त या गाडीचं नाही, जवळपास सगळ्याच तीन रांगांच्या एसयूव्हींचं दुखणं आहे. सात माणसं किंवा सात बॅगा, काहीतरी एक निवडा.

पार्किंगही आत्ताच बोलून घेऊ. गाडी ४.९५ मीटर लांब, पावणेदोन मीटरहून उंच आणि वजनाने दोन टनांच्या वर. तुमच्याकडे मेकॅनिकल पार्किंग असेल तर टोकन भरण्याआधी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन ट्रेची लांबी, उंची आणि वजनाची मर्यादा विचारा.

पट्टा म्हणजे पट्टा

तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट व्होल्वोचे इंजिनीअर निल्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये आणला आणि कंपनीने त्याचं पेटंट इतर कंपन्यांनाही वापरू दिलं. आज तुमच्या-माझ्या कुठल्याही गाडीत तोच पट्टा आहे. आणि आपण तो मागच्या सीटवर लावत नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या सगळ्यांनाच पट्टा सक्तीचा केला. किती दिवस पाळलं, ते आपलं आपल्याला माहीत.

फॅमिली कारचा खरा सेफ्टी फीचर म्हणजे तिसऱ्या रांगेतल्या माणसाचा लागलेला पट्टा. बाकी एअरबॅगा त्यानंतर. एक्ससी ९० मध्ये खिडक्यांवर पसरणाऱ्या एअरबॅगा तिन्ही रांगांना आहेत, याला माझ्याकडून पूर्ण मार्क. पण सासूबाईंना ‘टोचतो’ म्हणून पट्टा काढायचा असेल, तर एअरबॅग बिचारी काय करणार?

आणि स्टिअरिंग?

आता चालवण्याबद्दल. मऊ, शांत आणि समजूतदार. सिग्नलला इंजिन कधी बंद झालं आणि कधी चालू झालं, मागे डुलकी काढणाऱ्याला कळतही नाही. माइल्ड हायब्रिडचा खरा फायदा हाच, पेट्रोलपेक्षा झोपेची बचत! रेस लावायची हौस असेल तर जर्मन मंडळींकडे सहा सिलिंडर आहेत, तिकडे जा.

हिशेब

मार्च २०२५ मध्ये गाडी आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत १ कोटी ३ लाखांच्या घरात होती. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या गाड्यांवरचा सेस जाऊन सरसकट ४० टक्के जीएसटी आला, त्यामुळे आकडे थोडे उतरले. हिशेबाला आपण गोल एक कोटी धरू. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला, वैयक्तिक नावावर, १३ टक्के रोड टॅक्स. म्हणजे नुसता टॅक्सच १३ लाख. इन्शुरन्स वेगळा.

आता ‘हायब्रिड आहे, पेट्रोल वाचेल’ हा मुद्दा. समजा एक गाडी लिटरला ९ किलोमीटर देते आणि दुसरी, स्ट्राँग हायब्रिड, १५ देते. वर्षाला १२,००० किलोमीटर चालवलं तर पहिलीला १,३३३ लिटर लागतात, दुसरीला ८००. फरक ५३३ लिटरचा. लिटरला १०४ रुपये धरा, वर्षाला साधारण ५५ हजार वाचले. या बचतीतून एक कोटीच्या गाडीचा फक्त रोड टॅक्स भरून निघायला तेवीस-चोवीस वर्षं लागतील! आणि ही बचत स्ट्राँग हायब्रिडची, माइल्डची तर याहून कितीतरी कमी. तेव्हा या किमतीत पेट्रोल वाचवायला हायब्रिड घेतोय असं म्हणू नका. शांतपणा आवडला म्हणून घेतोय म्हणा, ते खरं आहे.

पण इनोव्हाचं काय?

हा प्रश्न येणारच होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेली टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस, टॉप मॉडेल साधारण ३० लाखांच्या घरात, आणि ती स्ट्राँग हायब्रिड आहे. दोन लिटर पेट्रोल आणि मोटर मिळून १८६ हॉर्सपॉवर, कंपनीच्या दाव्यानुसार लिटरला २३.२४ किलोमीटर. प्रत्यक्षात त्याहून कमी मिळतील, तरी ट्रॅफिकमध्ये एक्ससी ९० तिच्या जवळपास येणार नाही. तिसऱ्या रांगेत मोठी माणसं माणसासारखी बसतात, हे तर इनोव्हाचं खानदानी वैशिष्ट्य. चारही चाकांना ड्राइव्ह नाही, एअर सस्पेन्शन नाही, आतला थाट व्होल्वोचा नाही आणि हॉटेलच्या पोर्चमध्ये ‘टॅक्सी का?’ असं कुणी विचारलं तर मन घट्ट ठेवायचं.

माझं मत विचाराल तर : घरात पाच माणसं कायम आणि दोन पोरं अधूनमधून असतील, आणि बजेटचा प्रश्न नसेल, तर एक्ससी ९० झकास. तिची दुसरी रांग आई-बाबांसाठी मी बघितलेल्या सगळ्यात आरामशीर जागांपैकी एक आहे. पण महिन्यातून दोनदा खरोखर सात मोठी माणसं निघत असतील, तर हायक्रॉस घ्या आणि उरलेल्या सत्तर लाखांचं काय करायचं, यावर अर्धा तास भांडा.

शोरूमला जाताना

• घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला बरोबर न्या. त्यांना प्रत्येक रांगेत चढायला-उतरायला लावा, तेही सेल्समनने हात न देता.

• तिसऱ्या रांगेत किमान वीस मिनिटं बसून टेस्ट ड्राइव्ह करा. एसीचा झोत तिथे पोचतो का, बघा.

• ‘माइल्ड, स्ट्राँग की प्लग-इन?’ असं थेट विचारा आणि उत्तर ब्रोशरमध्ये दाखवायला सांगा.

• चाइल्ड सीट घरून न्या आणि लावून बघा. ती लावल्यावर मागे जायला वाट उरते का?

• सातही सीट्स उघडून तुमची रोजच्या प्रवासातली मोठी बॅग डिकीत ठेवा. दरवाजा लागला तरच पुढचं बोला.