ऐकू येतं, पण कळत नाही

शिळफाट्यावर उभे राहून कुणाशी बोलायचे म्हणजे चांगल्या कानाच्या माणसाचीही परीक्षाच. एकीकडून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने घाटाकडे निघालेले ट्रक, दुसरीकडे पेणच्या रस्त्याला वळणारी एस.टी., त्यात रिक्षावाल्यांच्या हाका. आपण दोनदा विचारतो, तिसऱ्यांदा हातवारे करतो आणि गाडी आली की सारे विसरून जातो. पण ज्याला घरात, देवळात, लग्नाच्या पंगतीतही फाट्यावर उभे असल्यासारखेच वाटते, त्याने काय करावे?

माझे वडील अशांपैकी एक. खोपोलीच्या आसपासच्या एका कारखान्यात त्यांची सव्वीस वर्षे यंत्रांच्या खडखडाटात गेली. गेल्या वर्षी दिव्यांग प्रमाणपत्रासाठी मी त्यांना घेऊन एका रुग्णालयात गेलो आणि आम्ही हात हलवीत परत आलो. दोष डॉक्टरांचा नव्हता. तो आम्हा बापलेकांचा होता, म्हणूनच येथे सांगावासा वाटतो.

डॉक्टरांनी विचारले, "काका, काय त्रास होतो?" वडील म्हणाले, "तसा काही नाही. जरा कमी ऐकू येतं." घरात कसे चालते? "चालतं." फोनवर? "फोन पोरगा घेतो." पुढच्या प्रश्नांना तर त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच उत्तरे देऊ लागलो. नंतर बंद खोलीतली चाचणी झाली. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज ऐकू आला की बटण दाबायचे. वडिलांनी ऐकू आले नाही तेव्हाही अंदाजाने दाबले. बाहेर आल्यावर मला म्हणतात, "सगळंच चुकलं असं दिसायला नको ना!" साहजिकच उत्तरांचा मेळ बसेना. पुन्हा या, असे सांगण्यात आले.

परतीच्या गाडीत मला राग आला होता. पण विचार करता वाटले, या माणसाने इतकी वर्षे ऐकू न येणे झाकण्याचीच तर सवय केली! चारजण हसले की आपणही हसायचे, कुणी काही विचारले की 'हो हो' म्हणायचे. ती सवय डॉक्टरांच्या दारात चपलांबरोबर काढून कशी ठेवणार? आणि आपली बोली तरी त्यांना काय शब्द देते? 'जरा कमी ऐकू येतं' नाहीतर 'ठार बहिरा'. पहिल्याची कुणी दखल घेत नाही, दुसऱ्याला सगळे हसतात. मधल्या लांबच लांब वाटेला आपल्याकडे नावच नाही.

कायद्याने मात्र ती वाट मोजली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांची श्रवणहानी ६० ते ७० डेसिबल असेल तर माणूस 'ऐकण्यास कठीण', आणि ७० डेसिबल वा अधिक असेल तर 'बधिर' ठरतो. ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झ या चार स्वरांवर मोजून सरासरी काढतात. टक्केवारी काढताना चांगल्या कानाला पाच भाग आणि वाईट कानाला एक भाग वजन मिळते. टक्केवारी चाळीस झाली की एस.टी.ची सवलत, संजय गांधी निराधार योजना, राखीव जागा अशी दारे त्या त्या नियमांप्रमाणे उघडू शकतात. सगळीच उघडतात असेही नाही. रेल्वेची सवलत बहिरेपण आणि मुकेपण दोन्ही एकत्र असेल तरच आहे. बोलू शकणाऱ्या बहिऱ्याला ती नाही.

यंत्रांच्या आवाजाने येणारे बहिरेपण बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होते. खालचे स्वर बरे राहतात, वरचे जातात. म्हणजे 'आ', 'ओ' ऐकू येतात. 'स', 'श', 'फ' निसटतात. आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. वडील घरी जे नेहमी म्हणतात, "ऐकू येतं, पण कळत नाही," ते वैद्यकाच्या दृष्टीने अगदी नेमके आहे. तेवढे एक वाक्य ते डॉक्टरांसमोर बोलले नाहीत, आणि मीही त्यांना बोलू दिले नाही.

कुणी म्हणेल, मोजमाप यंत्र करते, मग वर्णनाला काय किंमत? शब्दांनी डेसिबल बदलत नाहीत, हे खरे. पण बटण दाबणे हेही वर्णनच नव्हे काय? ज्याला तोंडाने 'मला ऐकू येत नाही' म्हणता येत नाही, त्याचे बोटही तसे म्हणत नाही. शिवाय ती खोली शांत असते आणि जगणे फाट्यावर असते. गलक्यात काय होते, एका वेळी दोघे बोलले की काय होते, पाठीमागून हाक आली की काय होते, हे त्या आलेखात उमटत नाही. ते सांगावेच लागते. त्यावरून पुढची कोणती तपासणी करायची, हे डॉक्टरांना ठरवता येते. आणखी एक. गोंगाटाने येणारे बहिरेपण कामगारविषयक कायद्यांच्या परिशिष्टांत व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेले आहे. तेथे तर कोणते यंत्र, किती वर्षे, कानात बोळे मिळत होते की नाही, हा इतिहासच दाव्याचा पाया असतो.

दुसरे टोक अतिशयोक्तीचे. "ठार बहिरा आहे म्हणून सांगा, काम होईल," असा सल्ला आम्हालाही मिळाला. तो नुसता अनीतीचा नाही, मूर्खपणाचाही आहे. 'बेरा' चाचणीत बटण नसतेच. आवाजाला मज्जातंतू कसा प्रतिसाद देतात, ते डोक्याला लावलेल्या तारा टिपतात. शिवाय २०२४ मध्ये खोट्या प्रमाणपत्रांची प्रकरणे गाजल्यापासून खऱ्या बहिऱ्याकडेही लोक संशयाने पाहतात, कारण त्याचे व्यंग डोळ्यांना दिसत नाही.

दुसऱ्यांदा जाण्यापूर्वी आम्ही आठवडाभर एका वहीत लिहून ठेवले. वडिलांनी सांगायचे, मी लिहायचे, शब्द त्यांचेच. 'कुकरची शिट्टी ऐकू येत नाही.' 'नातीचं बोलणं कळत नाही, सुनेचं तोंड बघून कळतं.' 'फाट्यावर मागून गाडी आली ती अंगावर आल्यावर समजली.' हे शेवटचे त्यांनी घरात कुणालाच सांगितले नव्हते. लिहिता लिहिता माझा हात थांबला.

त्या दिवशी मी गप्प बसलो. वही डॉक्टरांनी वाचली. खोलीत जाण्याआधी तंत्रज्ञांनी समजावले, "काका, ही परीक्षा नाही. खात्री असेल तरच दाबा." या वेळी मेळ बसला. काही आठवड्यांनी प्रमाणपत्र आले, चाळिसाच्या थोडे वर.

आपल्या महाविद्यालयातले आपण पुष्कळजण घरातल्या आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांचे अर्ज भरून देतो. आपले अक्षर बरे, शब्द शुद्ध, म्हणून आपण त्यांच्या वतीने बोलायलाही लागतो. माझी विनंती एवढीच की, अर्ज भरण्याआधी चार दिवस त्यांच्याजवळ बसा आणि त्यांना बोलू द्या. कमी सांगू नका, जास्तही सांगू नका.

वडील आता फाट्यावर कंडक्टरला सरळ सांगतात, "मला ऐकू येत नाही, जरा माझ्याकडे तोंड करून सांगा." परवा कंडक्टर खाली उतरला आणि त्यांच्यासमोर उभा राहून म्हणाला, "पेण!" वडील हसले. या वेळी त्यांना कळले होते.