चांगला मुसलमान नको, साधा दाखवा

फेब्रुवारी २०२५. ऑफिसच्या ग्रुपवर 'छावा'ची तिकिटं काढायची चर्चा चालली होती. सगळ्यांची नावं आली, माझंही होतं. तेवढ्यात आमच्या टीम लीडनं मला वेगळा मेसेज केला, "तुला चालेल ना?" माणूस चांगला आहे, काळजीपोटीच त्यानं विचारलं. मी "अरे, का नाही चालणार?" असं लिहून खाली हसरा चेहरा जोडला. सिनेमा सुरू व्हायच्या आधीच त्यातला सगळ्यात ओशाळवाणा प्रसंग घडून गेला होता.

मी खडकीचा. घरात दखनी, गल्लीत मराठी. चौथीतलं 'शिवछत्रपती' मीही घोकलंय. संभाजी महाराजांचे हाल पाहताना माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मग दिवे लागले, घोषणा सुरू झाल्या आणि आमच्या रांगेतल्या दोघा-तिघांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. हा घोषणा देतोय का? दिली तर 'बघा, आपला आहे'. नाही दिली तर 'शेवटी तसाच'. माझं रडणं खरं होतं, पण त्याची पावती दुसऱ्यानंच फाडायची होती.

'सिनेमाच तर आहे, एवढं काय मनावर घेतोस,' असं आपल्याला नेहमी सांगितलं जातं. पण हाच सिनेमा पाहून बऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरात लोक रात्री बॅटऱ्या घेऊन मुघलांचं सोनं शोधायला जमीन खणत होते. १७ मार्चला औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून नागपुरात हिंसाचार झाला, आणि दुसऱ्या दिवशी खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं की 'छावा'मुळे औरंगजेबाबद्दलचा लोकांचा राग पुन्हा उफाळून आला. तेव्हा मनावर फक्त आपणच घेतो, असं काही नाही.

तरीही माझी तक्रार औरंगजेबाबद्दल नाही. तो माझा कुणी लागत नाही. त्याचा स्वतःचा मुलगा अकबर बंड करून १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला होता. पोटच्या पोराला जो नकोसा झाला, त्याचा हिशेब खडकीच्या इंजिनिअरकडे कशाला मागता? खलनायक पडद्यावर भडकच असायचा. 'पद्मावत'मधला खिलजी रानटी माणसासारखं मांस ओरबाडतो. ती गोष्ट मुळात मलिक मुहंमद जायसी नावाच्या सूफी कवीनं १५४० मध्ये लिहायला घेतली, हे पाहणाऱ्यांतल्या किती जणांना ठाऊक असतं? पण असले खलनायक पाहून मला राग येतो, लाज वाटत नाही.

लाज वाटते ती चांगल्या मुसलमानाच्या प्रसंगाला.

१९९९चा उन्हाळा. अब्बा खडकीच्या अम्युनिशन फॅक्टरीत होते. कारगिल सुरू होतं आणि फॅक्टरीत ओव्हरटाइम. एका सुट्टीच्या दिवशी ते आम्हाला 'सरफरोश'ला घेऊन गेले. त्यातला इन्स्पेक्टर सलीम तुम्हाला आठवत असेल, मुकेश ऋषीनं केलेला. त्याच्या नावामुळे त्याच्यावर अविश्वास दाखवला जातो, त्याला केसवरून बाजूला करतात, तो दुखावतो, आणि मग स्वतःच खबर काढून आणतो. थिएटर टाळ्यांनी दणाणलं. मी अकरा वर्षांचा होतो, मीही वाजवल्या. घरी येताना अब्बा एवढंच म्हणाले, "ड्यूटी कर रहा था ना वो? फिर सर्टिफिकेट कायको दे रहा था?"

आठवडाभर काडतुसांच्या कारखान्यात राबलेल्या माणसाचा तो प्रश्न होता. तो कळायला मला पुढची वीस वर्षं लागली.

'सरफरोश' प्रामाणिक होता. त्यानं सलीमला चिडायचा हक्क तरी दिला. पण तिथून साचा पक्का झाला: संशय घेणारा माणूस समंजस, आणि संशय फेडायची जबाबदारी सलीमची. आमच्या धंद्यात अशी यंत्रणा कुणी बनवली तर तिला नापास करतात. एकदा लॉग-इन झालेल्या माणसाकडून दर क्लिकला ओटीपी मागायचा नसतो.

'चक दे! इंडिया' (२००७) मला आवडतो, आजही लागला की बसून पाहतो. पण बघा, कबीर खानचा एक पेनल्टी स्ट्रोक हुकतो आणि भिंतीवर 'गद्दार' लिहिलं जातं. ते पुसायला सात वर्षं जातात आणि एक वर्ल्डकप लागतो. ज्याला वर्ल्डकप जिंकून देता येत नाही, त्यानं आपली भिंत कशी पुसायची?

पुढे तर हा साचा आणखी स्वस्त झाला. 'सूर्यवंशी'त (२०२१) बॉम्बच्या धावपळीत मुसलमान माणसं गणपतीची मूर्ती उचलून सुरक्षित जागी नेतात आणि मागे देशाचं गाणं वाजतं. मी खुर्चीत आक्रसून बसलो. खडकीत मांडवाचे बांबू रोवताना आमच्या गल्लीतली पोरं दरवर्षी असतात. तिथं पार्श्वसंगीत नसतं. काम झालं की वडापाव असतो, आणि पैसे कुणी द्यायचे यावरून भांडण.

'अमर अकबर अँथनी'ला (१९७७) मी सगळं माफ केलंय. तिघांच्या हातांतलं रक्त एकाच वेळी उलटं वर चढून बाटलीत जातं आणि तिथून थेट आईला, हे इंजिनिअर म्हणूनही माफ! पण त्या लाडक्या अकबरलाही जन्म अमरच्याच घरात घ्यावा लागला, हे विसरता येत नाही.

मग मला हवं तरी काय? मला सल्या हवा. 'सैराट'मधला (२०१६) परशाचा मित्र, सलीम. करमाळ्याकडची रांगडी मराठी बोलतो, मित्राच्या प्रेमापायी स्वतः गोत्यात येतो. कुणी त्याला देशाबद्दल विचारत नाही, तोही सांगत नाही. ना सुरमा, ना 'जनाब', ना कव्वाली. नागराज मंजुळेंनी कसलाही गाजावाजा न करता गावातला एक मुसलमान पोरगा गावात होता तसा ठेवला. त्या दिवशी मी पहिल्यांदा पडद्यावर माझ्या ओळखीचा माणूस पाहिला.

बाकीचे कुठे आहेत? मिरजेत सतारी बनवणारी घराणी, सोलापूरचे यंत्रमाग कामगार, कोकणातल्या मासे निवडून घेणाऱ्या चिवट आज्या, आमच्या खडकीचे फॅक्टरीवाले? ब्रिटनमध्ये सिनेमातली मुसलमान पात्रं तपासायला पाच प्रश्नांची 'रिझ टेस्ट' काढली आहे. आपल्याला एकच प्रश्न पुरेल: या पात्राचं नाव सलीमऐवजी सतीश ठेवलं, तर त्याला कथेत काही काम उरतं का? सल्याला उरतं. इन्स्पेक्टर सलीमला उरत नाही.

आता थोडं आपल्याबद्दल. नावडता सिनेमा आला की आपल्याकडे पहिला शब्द निघतो तो 'बंदी'. २०१३ मध्ये 'विश्वरूपम'विरुद्ध तामिळनाडूत मुस्लिम संघटना उभ्या राहिल्या, सरकारनं प्रदर्शन रोखलं, शेवटी काटछाट झाली. त्यातून एक तरी साधा मुसलमान पडद्यावर आला का? २०१७ मध्ये सेन्सॉर बोर्डानं 'लिपस्टिक अंडर माय बुरखा'ला आधी प्रमाणपत्र नाकारलं, तेव्हा आपल्यातले किती जण मनातून सुखावले होते? खरं सांगा. साधा मुसलमान दाखवा म्हटलं की साधी मुसलमान बाईही आली: खोटं बोलणारी, प्रेमात पडणारी, फजरला न उठणारी. ती आपल्याला सोसत नाही. पडद्यावर आपल्यालाही चांगलाच मुसलमान हवा असतो, फक्त सर्टिफिकेट आपल्या सहीचं पाहिजे.

ही सही आपण सोडून देऊ. बंदीचे अर्ज लिहिण्यात जाणारा वेळ पटकथा लिहिण्यात घालवू. फिल्म इन्स्टिट्यूट आणि फिल्म अर्काइव्ह, दोन्ही आपल्याच पुण्यात आहेत, खडकीहून रिक्षानं फार तर अर्धा तास. खिशातल्या फोनमध्ये कॅमेरा आहे. तुमच्या आजोबांची पहिली नोकरी, खालाचं मोडलेलं लग्न, हप्त्यांवर घेतलेली बाईक, यातलं काहीही चालेल. पात्रांना घरात बोलतात तसं बोलू द्या आणि कुणालाही आदर्श करू नका. चार वाईट फिल्म होतील, पाचवी बरी होईल.

अब्बा आता रिटायर झालेत. मी त्यांना मोबाईलवर 'सैराट' दाखवला. सल्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "उसका क्या? अच्छा दोस्त था." बस, त्यांना आणखी काही म्हणायची गरज वाटली नाही.

ऑफिसात पुन्हा तिकिटं निघतील. पुन्हा कुणी विचारलं "तुला चालेल ना?", तर या वेळी हसरा चेहरा पाठवणार नाही. "सिनेमा चांगला आहे का, ते आधी सांग," एवढंच लिहीन.