समजून घ्या : वेबसाइटच्या एका चौकटीतून अख्खा डेटाबेस कसा चोरीला जातो?

ब्रिटिश एअरवेज, बूट्स आणि बीबीसीच्या अनेक कर्मचाऱ्यांनी 'मूव्हइट' हे नावही ऐकलं नसेल. तरीही २०२३ मध्ये त्यांची माहिती याच सॉफ्टवेअरमधून चोरीला गेली. त्यांच्या पगाराचं काम पाहणारी झेलिस ही कंपनी फाइल पाठवण्यासाठी ते वापरत होती. 'क्लॉप' या खंडणीखोर टोळीने त्यातल्या 'एसक्यूएल इंजेक्शन' या त्रुटीचा फायदा घेतला.

ही त्रुटी नेमकी काय?

समजा, वेबसाइट डेटाबेसला सांगते, 'ज्याचा क्रमांक ___ आहे, त्याची माहिती दे.' रिकाम्या जागी तुम्ही १०१ लिहिता आणि तुमची माहिती दिसते. हल्लेखोर मात्र तिथे '१०१ किंवा १ = १' असं लिहितो. कोडमध्ये हा मजकूर थेट आदेशाला जोडला असेल, तर डेटाबेस तोही आदेशच समजतो. १ = १ हे कायमच खरं, त्यामुळे सगळ्यांचीच माहिती बाहेर येते.

उपाय काय?

'पॅरामीटराइज्ड क्वेरी'. यात आदेशाचा साचा आधी ठरतो आणि तुम्ही लिहिलेला मजकूर वेगळा पाठवला जातो. मग हल्लेखोराने काहीही लिहिलं तरी डेटाबेस त्याकडे फक्त एक किंमत म्हणून पाहतो. तसा क्रमांकच नसल्यामुळे हाती काही लागत नाही. टेबल किंवा रकान्याचं नाव मात्र असं पाठवता येत नाही. तिथे परवानगी असलेल्या नावांची यादीच ठेवावी लागते.

मग अडतं कुठे?

या हल्ल्याचं जाहीर वर्णन १९९८ मध्येच झालं होतं. बहुतेक प्रोग्रामिंग भाषांमध्ये उपायाची सोय तयार आहे. पण हजारो ओळींच्या कोडमध्ये एकच जागा सुटली तरी दार उघडं राहतं. म्हणूनच मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या सीसा आणि एफबीआय या संस्थांनी सॉफ्टवेअर कंपन्यांच्या प्रमुखांना आपला कोड या त्रुटीसाठी तपासून घ्यायला सांगितलं.

आपण काय करू शकतो?

प्रत्येक वेबसाइटसाठी वेगळा पासवर्ड ठेवा, म्हणजे एक फुटला तरी बाकीची खाती वाचतील. पण ही त्रुटी तुमच्या पासवर्डने बंद होत नाही. ती कोड लिहिणाऱ्यानेच बंद करायची असते. त्यामुळे माहिती फुटल्यावर 'ग्राहकांनी सावध राहावं' एवढंच सांगणाऱ्या कंपनीला विचारायला हवं : तुमचा कोड तपासला होता का?